पहिलीचं वर्ष संपलं : दप्तर धुताना

रोजकीर्द (३ मे २०२६, दुपारी १:१०)

परवा १ मेला शाळेत झेंडावंदन झालं, प्रगतीपत्रक हातात पडलं आणि लेकीची पहिली संपली. आज रविवार, म्हणून दप्तर धुवायला काढलं. उलटं करून झटकलं तर अकरा चिंचोके, खडूचे तुकडे, गिरमिटातला भुसा, बिस्किटाचा चुरा, त्यावर मुंग्या आणि कुणाचं तरी खोडरबर. (आमचं नाही. आमचं जुलैतच हरवलं.) आतल्या चेनच्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद निघाला. तो उघडला आणि कपडे तसेच भिजत ठेवून लिहायला बसले आहे.

आधी थोडं मागचं सांगते.

आम्ही वाईजवळच्या एका गावात राहतो. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. लेक ऑक्टोबर २०१९ची, म्हणजे गेल्या जूनमध्ये पावणेसहाची सुद्धा नव्हती. जाऊबाईंचा मुलगा पिवळ्या बसने तालुक्याला इंग्लिश मिडीयमला जातो. आमचीला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं तेव्हा घरात कुणी भांडलं नाही, पण जेवताना वाढणाऱ्याचा हात जरा आखडला, एवढं कळलं. शाळेचा पट अठ्ठावीस, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या.

१६ जूनला प्रवेशोत्सव झाला. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला होता, त्यामुळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काढलेल्या मिरवणुकीत फुगे कमी आणि छत्र्या जास्त. ताटात कुंकवाचं पाणी, त्यात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर ठसा. पुस्तकं पहिल्याच दिवशी मिळाली. शिरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं तर म्हणते, "काल जाऊन आले की."

त्या महिन्यात आमच्याकडे आप्पा (सासरे) टीव्हीपुढून हलत नव्हते. पहिलीपासून हिंदी येणार, नाही येणार, १७ जूनला नवा शासन निर्णय, २९ जूनला जुना आणि नवा दोन्ही रद्द. मला रोज विचारायचे, "काय म्हणतायत बाई?" बाई म्हणत होत्या की रोज नखं कापून पाठवा आणि डब्याला झाकण घट्ट असू द्या.

लेकीला विचारलं, आज शाळेत काय झालं? काही नाही. काय शिकवलं? काही नाही. कुणाशेजारी बसलीस? माहीत नाही. पहिले दोन महिने माझ्याकडे एवढीच माहिती होती. मग गणपतीच्या सुमारास लक्षात आलं, ती संध्याकाळी ओट्यावर आप्पांना बसवून शाळा-शाळा खेळते. आप्पांना हाताची घडी, तोंडावर बोट. परिपाठ होतो. राज्यगीत होतं. पसायदान अर्ध्यावर अडतं, मग ती तेवढाच तुकडा पुन्हा म्हणते. आप्पांनी पाटीवर मुद्दाम चुकीचं अक्षर काढलं की ही वाकून बघते आणि म्हणते, "बाळा, घाई नाही. हे कसं काढलंस मला सांग बरं."

हा आवाज आमच्या घरातला नव्हता. आमच्या घरात चुकलं की "अगं ए, डोळे कुठं आहेत?" असं म्हणतात. मीच म्हणते.

आता कागदाचं. जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, वहीत बाईंनी सांगितलेले अंक होते. दहा अंकांचं श्रुतलेखन. चौतीस सांगितलं, हिने लिहिलं ४३. सत्तावीस सांगितलं, लिहिलं ७२. पासष्टला ५६. एकोणचाळीसला ४१. बरोबर आले ते फक्त चव्वेचाळीस आणि पन्नास. खाली बाईंची लाल टिकबिक काही नाही, नुसती तारीख.

त्या दिवशी माझ्या कॅशमध्ये सातशे वीस रुपयांचा फरक लागत होता आणि आठ वाजेपर्यंत तो सापडला नव्हता. हे कारण नाही, पण होतं ते सांगितलं. मी तिला समोर बसवून पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा ७२. तिसऱ्यांदा ७२. मी पान टराटरा फाडलं, चुरगाळलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. "नव्या पानावर नीट लिही." ती रडली नाही. नव्या पानावर तिने माझ्या तोंडाकडे बघत बघत एकेक आकडा काढला, म्हणजे मी भुवई उंचावली की थांबायची आणि बदलायची. सगळे बरोबर आले. मला बरंही वाटलं, काय सांगू.

आमच्याकडे व्हाउचरवर खाडाखोड चालत नाही. अंक चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर अंक लिहायचा, शेजारी सही. गिरवून गिरवून जाड करायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. पान फाडणं तर सोडूनच द्या. नोंदवहीतलं एक पान कमी भरलं तर ऑडिटर आठ दिवस झोपू देत नाही. चौदा वर्षं मी हे पाळते आहे. आणि घरी येऊन पान फाडते.

आठवड्याने पालकसभा झाली. बाईंनी सगळ्यांनाच सांगितलं, कुणाचं नाव घेतलं नाही. "घरी वहीचं पान फाडू नका. मला चूक बघायची असते. चूकच दिसली नाही तर मी शिकवू काय?" मी खाली मान घालून बसले. मला वाटलं वहीनंच चुगली केली, कारण मधोमध पिन मारलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान सुटून लोंबतं. आजपर्यंत मी तसंच समजत होते.

आज दप्तरातून निघाला तो तोच कागद. चुरगाळलेला, हाताने सपाट केलेला. आणि त्यावर लाल पेन आहे. प्रत्येक उलट्या अंकाच्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे वळणारा एक छोटा बाण, आणि खाली बाईंच्या अक्षरात: "कान छान आहे."

लेकीला विचारलं, हे कुठून आलं? म्हणाली, "टोपलीतून काढलं. बाईंनी सांगितलेलं होतं ना, बाईंना दाखवायला नको?"

बाकी वर्षाबद्दल लिहायचं ते बरंच आहे, खिचडीबद्दल आहे (घरी मटकी बाजूला काढणारी मुलगी तिथे ताटली पुसून खाते आणि मला सांगते "शाळेतल्यासारखी कर", जी मला जमत नाही). पण आज हातून एवढंच झालं. तुमच्या मुलांचं पहिलं वर्ष कसं गेलं, लिहा. कपडे धुऊन येते.

---

मी_पण_आई (दुपारी १:४२)

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). खोडरबर कुणाचं ते शोधा आधी, त्या घरातही कुणीतरी ओरडा खाल्ला असेल.

---

ठाणे_वाया_दादर (दुपारी २:२५)

छान लिहिलंय. पण थोडा खडा टाकते, राग मानू नका.

माझा मुलगाही यंदाच पहिली झाला. इंग्रजी माध्यम, ठाणे. त्याला पहिली वगैरे काही वाटलंच नाही, कारण तिसऱ्या वर्षापासून तो नर्सरी, ज्युनियर, सीनियर करत आलाय. शाळाप्रवेशाला मुलाखत घ्यायची नाही असा २००९चा कायदा आहे, म्हणून आमच्याकडे नर्सरीच्या मुलाखतीला "ओळखभेट" म्हणतात. ओळखभेटीत त्याला विचारलं, झाडाची पानं कुठल्या रंगाची? तो म्हणाला सोसायटीतली की गावची? आम्ही घामाने भिजलो.

तुम्हाला "काही नाही" एवढंच कळायचं. मला सगळं कळतं. शाळेचं अ‍ॅप आहे. १२:४०ला डबा किती खाल्ला, १:१५ला कोणती वर्कशीट झाली, फोटोसकट. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून मुलाचा उरलेला पराठा बघते. एवढं असून सहा महिने मला पत्ता नव्हता की तो बसमध्ये मागच्या सीटवरच्या एका मुलाला घाबरतो. ते अ‍ॅपमध्ये नव्हतं.

खडा असा, की तुम्हाला एक चांगल्या बाई मिळाल्या. उद्या त्यांची बदली झाली तर? एका बाईंवरून लोक "जिल्हा परिषदेत घाला" म्हणायला लागतात, तेव्हा मला भीती वाटते. माझ्या मावशीच्या गावी दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या कामावर असतात.

---

रोजकीर्द (दुपारी ३:०५)

राग कसला, बरोबर आहे तुमचं. मी कुणाला "घाला" म्हणत नाहीये. बदलीची टांगती तलवार आहेच. आणि पहिली-दुसरी एका खोलीत म्हणजे अर्धा वेळ हिला "तोपर्यंत चित्र काढ" असतंच. वर्षाची चित्रं मोजली तर शंभरावर आहेत, त्यातली ऐंशी बैलाची.

बाईंचा किती वेळ ऑनलाइन माहितीत जातो तेही पाहिलंय. अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढायचा होता. लेकीच्या आधारवर आडनावात एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झालेली, जन्मदाखल्यावर बरोबर. त्या एका वेलांटीसाठी तीन हेलपाटे, दोन अर्धी रजा. तिथल्या माणसाला म्हटलं, अहो एक रेघ मारून सही करा की. तो माझ्याकडे बघतच राहिला.

बसमधल्या मुलाचं पुढे काय झालं?

---

ठाणे_वाया_दादर (दुपारी ३:२०)

काही नाही. तो दुसऱ्या बसला गेला आणि आता माझा मुलगा मागच्या सीटवर बसतो. कुणाला घाबरवत नसावा अशी आशा आहे.

---

औटकी (दुपारी ४:१०)

माझं वय ७४. आमच्या वेळी दसऱ्याला पाटीपूजन. एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, आपट्याचं पान ठेवायचं. गमभनपासून सुरुवात. तिसापर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीनचे पाढे. बाजारात कुणी फसवू शकत नसे. छडी होती, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

हे अंक उलटे येण्याचं कारण सरळ आहे, पाठांतर गेलं. रोज शंभरपर्यंत उजळणी मोठ्याने म्हणा, महिन्यात सत्तावीस जागेवर येईल. नाहीतर ते "वीस सात" आहेच! मराठीची ती विटंबना पाठ्यपुस्तकवाल्यांनी केली तेव्हाच कळलं होतं पुढे काय वाढून ठेवलंय.

---

खानदेशी मास्तर (सायंकाळी ५:३०)

औटकीकाका, नमस्कार. मी एकोणीस वर्षं पहिलीला शिकवतो, धुळे जिल्ह्यात. तुमची पाऊणकी मलाही येत नाही, त्यात तुम्ही जिंकलात. पण बाकीचं तुमच्याइतकं सरळ नाही.

ज्या मुलाला उजळणी घडाघडा येते तेच मूल ७२ लिहितं. कारण त्याला पाठ आहे. तोंडाने आधी "सत्ता" येतं, हात आधी सात लिहितो. कान आधी, हात मागून. मूल ऐकलेलं इमानदारीनं लिहितं. या ताईंच्या बाईंनी "कान छान आहे" लिहिलं त्याचा अर्थ तोच. जे मूल सत्तावीसला ५८ लिहितं त्याची मला काळजी वाटते, ७२ लिहिणाऱ्याची नाही.

एकोणचाळीसला ४१ लिहिलं, तेही बघा. "एक" ऐकलं, "चाळीस" ऐकलं. "ओण" म्हणजे उणा, हे सहा वर्षांच्या पोराला कुणी सांगितलंय? आमच्या वर्गात एकीने विचारलं होतं, गुरुजी, एकोणनव्वद आहे तर एकोणशंभर का नाही, नव्व्याण्णव का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला एक चिंचोका जास्त दिला.

आणि "वीस सात". २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून तो गदारोळ झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, गणितज्ञ बाई. त्यांनी सत्तावीस काढून टाकलं नव्हतं. दोन्ही दिलं होतं, वीस सात आणि सत्तावीस. विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गंमत म्हणजे आम्ही मास्तर लोक तोंडी ते आधीपासून करत होतो. दहा काड्यांचे दोन गठ्ठे, सात सुट्या. "गठ्ठे किती? दोन. म्हणजे वीस. सुट्या? सात. वीस आणि सात, सत्तावीस." आधी गठ्ठे लिही, मग सुट्या. त्या बाईंचे बाण तेच सांगतायत.

पहिलीच्या अखेरीस मुलानं ९९पर्यंत अंक वाचावे-लिहावेत आणि चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं अशी निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेची अपेक्षा आहे. ती ठीकच. पण आमच्याकडे त्याआधी वेगळाच डोंगर असतो. मुलं घरी अहिराणी बोलतात. एक पोरगा जूनपासून पोळ्यापर्यंत तोंडच उघडेना. मी विचारायचो, "तुझी आई काय करते?" गप्प. एक दिवस कंटाळून म्हटलं, "तुनी माय काय करस?" त्यावर अर्धा तास बोलला. माय, बकरी, बकरीचं पोट, सगळं. त्याची पहिली त्या दिवशी सुरू झाली. हजेरीत मात्र जूनपासूनच आहे.

---

औटकी (सायंकाळी ६:०२)

मास्तर, छडीबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

---

खानदेशी मास्तर (सायंकाळी ६:०८)

काका, तुम्ही ७४व्या वर्षीही तिच्याबद्दल बोलताय, त्यातच सगळं आलं.

---

औटकी (सायंकाळी ६:३०)

हं.

निमकीला मी अडखळायचो. हाताच्या पंजावर बसायची. निमकी आजही चुकते. पुढे बोलत नाही.

---

नेकारकाठ (रात्री ८:५०)

अगदी अगदी! मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून उडालोच. आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. मुलगी गेल्या सप्टेंबरात पहिलीत गेली आणि तिची वही हुबेहूब अशीच आहे.

जर्मनमध्ये सत्तावीसला "झीबन-उंट-त्स्वांत्सिश" म्हणतात. शब्दशः सात-आणि-वीस! मराठीसारखंच आधी एकक, मग दशक. इथली काही मुलं ऐकता ऐकता आधी ७ लिहितात, मग त्याच्या डावीकडे जागा सोडलेली असते तिथे २ लिहितात. लिहून झाल्यावर दिसायला बरोबर. माझी मुलगी घरी मराठी, शाळेत जर्मन, म्हणजे दोन्हीकडून उलटंच. तिची आई फोनवर मुंबईच्या आजीला नंबर इंग्रजीत सांगते, ते ऐकून ती म्हणाली, "इंग्रजी सोपी आहे, आकडे रांगेत उभे राहतात."

आणि भांडण फक्त आपल्याकडे नाही. इथे "त्स्वांत्सिशआइन्स" नावाची संघटनाच आहे, म्हणजे चक्क "वीसएक". त्यांचं म्हणणं, जुनं राहू द्या, पण वीस-एक म्हणण्याचीही मुभा द्या. लोक त्यांना हसतात, भाषेची वाट लावता म्हणतात. नॉर्वेने मात्र १९५१ साली रीतसर निर्णय करून क्रम बदलला, टेलिफोनवर नंबर सांगताना गोंधळ व्हायचा हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हाताऱ्यांच्या तोंडी जुने आकडे पुढेही कितीतरी वर्षं राहिले म्हणतात.

इथली पहिलीची गंमत म्हणजे "शूलट्यूटे". मुलाच्या कमरेएवढा पुठ्ठ्याचा शंकू, त्यात चॉकलेटं, पेन्सिली, खेळणी. पहिल्या दिवशी तो कवेत धरून फोटो. आम्ही त्यात चकलीची पाकिटं आणि एक छोटी दगडी पाटी घातली होती. पाटी पहिल्याच आठवड्यात फुटली. चकल्या संपूर्ण वर्गाला पुरल्या, आणि एका मुलाच्या आईने तिखट काय होतं म्हणून चिठ्ठी पाठवली.

---

वऱ्हाडी ठेचा (रात्री ९:१५)

आमच्याकडे शाळा २३ जूनला उघडली बाप्पा, तुमच्या आठ दिवस मागून, कारण उन्हाळा हटत नाही. मुलगा पहिल्या दिवशी गेला, आल्यावर म्हणाला, "शाळेत लय लोकं हायत." बस. वर्षभराचा अहवाल तोच.

हिंदीवर कुणी बोलणार नाही का? एवढा मोठा विषय आणि...

---

संपादक मंडळ (रात्री ९:४०)

हिंदीच्या विषयावर आधीचे चार धागे आहेत, चारही कुलूपबंद. इथे दप्तर चालू द्या.

---

मी_पण_आई (रात्री १०:०५)

मास्तर, एक काम होतं. माझा मुलगा १२ डिसेंबर २०२०चा. नियमाने यंदा जूनमध्ये पहिलीला बसतो असं शाळा म्हणते. साडेपाचचा असेल. सासूबाई म्हणतात, वर्ष वाया कशाला घालवायचं. तो अजून पेन्सिल मुठीत धरतो. काय करू?

---

खानदेशी मास्तर (रात्री १०:३०)

आपल्याकडे ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत घेता येतं, म्हणजे बसतो. पण बसतो म्हणून बसवलाच पाहिजे असं नाही. सक्तीचं शिक्षण सहापासून आहे, जूनमध्ये तो सहाचा नाही.

मी पालकांना एकच बघायला सांगतो. शर्टाची बटणं स्वतः लावतो का? चड्डीची गाठ सोडता येते का? शाळेत चड्डी ओली झालेलं पोर आठवडाभर अक्षराकडे बघत नाही. मुठीतल्या पेन्सिलीचं एवढं मनावर घेऊ नका, कणीक मळायला द्या, शेंगा सोलायला द्या, बोटं सुटतात. एकाच वर्गात जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल शेजारी बसतं तेव्हा अकरा महिन्यांचा फरक असतो. सहा वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे किती, ते तुम्हीच हिशोब करा. आणि वर्ष वाया जात नसतं, सासूबाईंना माझं नाव सांगा.

---

मी_पण_आई (रात्री १०:३४)

बटणं लावतो. गाठ नाही. सासूबाईंना तुमचं नाव सांगते, पण त्या विचारतील मास्तर कोण आणि मी म्हणणार इंटरनेटवरचे. बघते.

---

ठाणे_वाया_दादर (रात्री ११:००)

रोजकीर्द, एक राहिलंच. ते पान आता कुठे आहे? आणि बाईंना सांगितलंत का, की तुम्हाला आज कळलं? आणि मुख्य म्हणजे, सत्तावीस आता कसं लिहिते?

---

रोजकीर्द (४ मे, सकाळी ६:५०)

पान लोखंडी कपाटात, गॅसच्या पुस्तकाखाली. बाईंना अजून फोन केलेला नाही. त्यांना सुट्टी लागली आहे आणि मी काय बोलणार ते ठरलेलं नाही. "मी फाडलं होतं" हे त्यांना जानेवारीपासून माहीत आहे. तरी पालकसभेत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. आता कळतंय, मुद्दामच.

वाचनाचंही एक सांगते. फेब्रुवारीत मला वाटायला लागलं की हिला "स" आणि "श" कळतच नाहीत, सगळं "थ" वाचते. मी धास्तावून बाईंना गाठलं. बाईंनी हिला जवळ बोलावलं, "आ कर बाळा" म्हणाल्या आणि मला दाखवलं. वरचे दोन्ही दात पडलेले. दात माझ्याच घरात पडले होते. एक तर मीच गवताच्या छपरावर टाकला होता.

सत्तावीस. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली, साडेअकराला सुटायची. घरी कुणी नसायचं त्या दिवशी ती माझ्याकडे संस्थेत येऊन बसायची. मार्चएंड, माझं डोकं ठिकाणावर नसायचं, ती काउंटरच्या आत स्टुलावर बसून सगळं बघायची. मी तिला काहीही शिकवलेलं नाही, शपथ.

काल रात्री ठाणेवाल्या ताईंचा प्रश्न वाचून एप्रिलची वही काढली. बहुतेक अंक सरळ आहेत. एका पानावर त्रेपन्नला ३५ लिहिलेलं आहे. त्यावर पट्टीने मारलेली एक आडवी रेघ. वर ५३. आणि शेजारी तिच्या नावाचं पहिलं अक्षर, खाली दोन टिंबं, अगदी मी करते तशी सही. पुढे सेहेचाळीसला तेच. तिसऱ्या ठिकाणी रेघ वाकडी गेली, म्हणून त्या रेघेवरही एक रेघ मारून पुन्हा सही केली आहे.

पानाच्या तळाशी बाईंची लाल सही. व्हाउचर पास.